मदत हवी आहे: जनुकीय चाचणीत ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा आला आहे

नमस्कार. माझ्या सख्ख्या आत्याला ४३व्या वर्षी स्तनांचा कर्करोग झाला आणि तिच्या जनुकीय चाचणीत बीआरसीए-२ या जनुकात रोगकारक बदल सापडला. माझे वडील त्याआधीच गेले होते, त्यामुळे त्यांची चाचणी झाली नाही. हा आजार आईच्या माहेरकडूनच येतो, असा घरात समज असल्याने आम्हा दोघी बहिणींचा विचार कोणी केलाच नाही. (हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असते आणि वडिलांकडूनही तितकेच येते, हे मला फार उशिरा कळले.)

गेल्या महिन्यात मी अनेक जनुकांची एकत्रित चाचणी करून घेतली. आत्यामधला बदल माझ्यात नाही. मात्र पीएएलबी-२ या जनुकात एक बदल असून त्याचे महत्त्व अनिश्चित आहे, असे अहवालात लिहिले आहे. या जनुकातील रोगकारक बदलामुळे आयुष्यभरातला धोका ५० टक्क्यांच्या आसपास जातो, असे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. समुपदेशकांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. अनिश्चित म्हणजे अर्धा धोका समजायचा का? आणि माझ्या अहवालावरून बहिणीने निश्चिंत राहावे का?

प्रतिसाद:

आधी दिलासा देणारा भाग. कुटुंबातला रोगकारक बदल नेमका माहीत असताना तो तुमच्यात न सापडणे, ही फार भक्कम माहिती आहे. बीआरसीए-२ मध्ये असा बदल असलेल्या स्त्रियांना ८० वर्षांपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के आढळली आहे. तो वाढीव धोका तुम्हाला लागू होत नाही. धोका शून्य झाला असे मात्र नाही, कारण बहुतेक रुग्णांमध्ये असा एकच प्रबळ आनुवंशिक बदल नसतोच. इतर स्त्रियांना सांगितली जाते ती नियमित तपासणी तुम्हालाही हवी.

अनिश्चित म्हणजे अर्धा धोका नव्हे. तो बदल घातक की निरुपद्रवी, हे ठरवण्याइतका पुरावा प्रयोगशाळेकडे आज नाही, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. पुढे पुरावा जमल्यावर अशा बदलांपैकी ज्यांचे वर्गीकरण बदलते, त्यांतले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. म्हणूनच केवळ या शेऱ्यावरून प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत, आणि नातेवाइकांनाही त्या बदलासाठी सरसकट चाचणी करायला सांगत नाहीत.

बहिणीची गोष्ट वेगळी आहे. वडिलांमध्ये आत्याचा बदल असण्याची शक्यता निम्मी होती, म्हणजे तुम्हा प्रत्येकीत तो असण्याची चारात एक. तुमच्या अहवालामुळे तिच्या बाबतीत ही शक्यता सुमारे सहात एक इतकी उतरते, पण संपत नाही. तिने बीआरसीए-२ मधील त्या एका बदलासाठी स्वतःची चाचणी करावी. भेटीला जाताना आत्याचा मूळ अहवाल न्या. तिच्या चाचणीत पीएएलबी-२ पाहिले होते का, तेही त्यावरून कळेल. आणि प्रयोगशाळा वर्गीकरण बदलल्यास कळवते की आपणच विचारत राहायचे, हे समुपदेशकांकडून आवर्जून समजून घ्या.

धागाकर्ती:

मनापासून आभार. ‘अर्धा धोका’ हा हिशेब माझाच होता, अहवालात तसे कुठेही नाही. बहिणीला आज रात्री फोन करते. आत्याकडे तिचा अहवाल मागायला मात्र इतके दिवस संकोच वाटत होता, तोही आता मागते.