उत्तर: भोसरीच्या वर्कशॉपला आलेली पीएफची नोटीस

प्रश्न असा आहे की पीएफ उशिरा भरल्याबद्दल भोसरीच्या एका वर्कशॉपला नोटीस आली आहे, आता काय करायचं. त्यावर एकांनी सुचवलंय की "मंदी होती, हेतू वाईट नव्हता" एवढं सिद्ध केलं की पीएफचे डॅमेजेस (उशिरा भरण्याबद्दलचा दंड) माफ होतात. 2017 पर्यंतच्या काही निकालांत त्याला आधार होता, पण फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोणीकोप्पलच्या उद्यान प्रयोग केंद्राच्या खटल्यात स्पष्ट केलं : पीएफ कायद्याच्या कलम 14ब साठी (हे डॅमेजेस याच कलमाखाली लागतात) हेतू सिद्ध व्हावा लागत नाही. तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका.

नोटिशीसोबतचा तक्ता आधी नीट वाचा. महिना, देय तारीख (पुढच्या महिन्याची 15), भरणा, उशिराचे दिवस. चलनं बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघा, तारखांचे घोळ तिथेच सापडतात. डॅमेजेसचा दरही बघा. जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का आहे. त्याआधी उशीर जसा वाढेल तसा वर्षाला 5 ते 25 टक्के. जुन्या उशिराला नवा दर लावून मागणारे सल्लागार भेटतात, ते प्रकरण वादाचं आहे.

उशिरा भरलेल्या रकमेवरचं कलम 7क्यूचं वर्षाला 12 टक्के व्याज मात्र सहसा टळत नाही. त्यावर स्वतंत्र अपील नाही, पण डॅमेजेस आणि व्याज दोन्हींचा एकत्रित आदेश असेल तर न्यायाधिकरणात अपिलाला जाता येतं. मुदत 60 दिवस, सीएची वाट बघत बसू नका.