आधी एका पाकिटावर करून बघा

एका ताईंनी सुचवलंय की बेळगावजवळच्या खानापूर भागातून येणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांसाठी औषधाच्या पाकिटावर कन्नडच्या जोडीला मराठी सूचना असाव्यात, आणि त्यासाठी पाकिटं गठ्ठ्यानेच छापून घ्यावीत. कल्पना पटली, छपाईची घाई नाही.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ शूहार्टच्या विचारावर त्यांच्याच क्षेत्रातल्या डेमिंगनी उभं केलेलं पीडीएसए चक्र, म्हणजे बदल आधी छोट्या प्रमाणावर करून बघत सुधारत नेण्याची पद्धत (योजना, कृती, अभ्यास, पुढचं पाऊल), मूळचं कारखान्यातलं, पण दवाखान्यात चपखल बसतं. एक दुपार, एक फार्मासिस्ट, एक पेशंट. पाकिटावर पेनानेच लिहा. काय होईल त्याचा अंदाज आधी वहीत टिपा, नाहीतर मागाहून सगळ्यांनाच 'मला ठाऊक होतं' वाटतं. आणि 'समजलं का?' विचारू नका. आपल्याकडे त्याला समजो न समजो, 'होय' हेच उत्तर. 'आजी, घरी गेल्यावर ही पांढरी गोळी कधी घेणार, सांगा बघू' असं विचारा. आजींना कुठलीच लिपी वाचता येत नसेल तर तिथेच कळेल, की अक्षरांऐवजी सूर्य-चंद्र काढायला हवेत. हे गठ्ठा छापून झाल्यावर कळून काय उपयोग?

पुढच्या फेरीत चित्रं, मग चार-पाच पेशंट, मग बाजारच्या दिवशीची गर्दी. त्या दिवशी खिडकीपुढची रांग किती लांबली तेही मोजा. एक सुधारताना दुसरं बिघडतं. आकडे रोजच्या रोज तक्त्यावर ठिपक्याने मांडा, महिन्याच्या सरासरीत चढउतार बुडून जातात.

बदलायची ती सूचनेची मांडणी, डोस नव्हे. इन्सुलिनवाल्यांना पहिल्या फेरीत धरूच नका.