पीएचडीच्या वेळापत्रकात करिअरची तयारी धरायची, की ज्याची त्याने बघायची?

तिसरी_घंटा
हा विषय निघाला की लोक दोनच वाक्यं बोलतात, एक तर "पीएचडी नोकरीसाठी करायचीच नसते" नाहीतर "सगळ्यांना कोडिंग शिकवा", आणि चर्चा तिथेच संपते. म्हणून मुद्दाम धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की रिसर्च करणाऱ्यांची करिअरची तयारी डिग्रीच्या वेळातच धरली पाहिजे, जसं कोर्सवर्क धरतात तसं. आत्ता काय होतं, युनिव्हर्सिटी रेझ्युमेचं वर्कशॉप ठेवते, मॉक इंटरव्ह्यू ठेवते, बाहेर नोकऱ्या करणारे जुने विद्यार्थी येऊन बोलून जातात, सगळं छान, पण सगळं ऐच्छिक आणि लॅबच्या वेळेबाहेर. मग जातं कोण? ज्याचा गाईड समजूतदार आहे तो. ज्याला खरी गरज आहे तो विचारायलाच घाबरतो, कारण "हा बाहेरचं बघतोय" असा शिक्का एकदा बसला की पुढे रेकमेंडेशन लेटरमध्ये काय येईल सांगता येत नाही.

आणि हे काही स्वप्नरंजन नाहीये. ब्रिटनमध्ये २००२ च्या रॉबर्ट्स अहवालात प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला वर्षाला किमान दोन आठवडे असं ट्रेनिंग मिळावं अशी शिफारस होती. तिथल्याच बीबीएसआरसीने, म्हणजे जीवशास्त्राच्या रिसर्चला पैसा देणाऱ्या संस्थेने, २०१२ पासून आपल्या डॉक्टरल ट्रेनिंग पार्टनरशिपमधल्या मुलांना तीन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची केली, तीही स्वतःच्या रिसर्चशी थेट संबंध नसलेल्या कामात. तिथलं जीवशास्त्र काही बंद पडलं नाही.

गाईड_पण_माणूस
मी त्या दुसऱ्या बाजूचा, ज्याच्याकडे मुलं विचारायला घाबरतात म्हणे.

एक सांगतो, तीन महिने हे ऐकायला कमी वाटतात, पण लॅबमध्ये चार माणसं असतात आणि प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या कामात अडकलेलं असतं, पेशी वाढवायला घेतल्या की त्या तुमच्या इंटर्नशिपसाठी थांबत नाहीत, ग्रँटचा रिपोर्ट ठरलेल्या तारखेलाच द्यावा लागतो आणि त्यात "विद्यार्थी स्वतःला शोधायला गेला होता" असं लिहिता येत नाही. ग्रँट मिळाली नाही तर त्याच विद्यार्थ्याचा पुढच्या वर्षीचा स्टायपेंड कुठून आणू?

दुसरं, थिसिस नीट करणं हेच मोठं प्रोफेशनल डेव्हलपमेंट आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. फसत चाललेला प्रोजेक्ट वेळेत ओळखणं, रिव्ह्यूअरच्या खवचट कॉमेंटला शांतपणे उत्तर लिहिणं, नवीन आलेल्या ज्युनियरला शिकवणं, हे कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळतं? सक्ती केली की हजेरीपट येणार, हजेरीपट आला की मुलं मागच्या रांगेत बसून पेपर वाचणार. मी कोणाला अडवत नाही, पण सक्तीला माझा विरोध.

फुलस्टॉप
सक्तीच्या ट्रेनिंगचं काय होतं बघायचं असेल तर ब्रिटनमधली 'व्हिटे' (Vitae) नावाची संस्था आहे, रिसर्चर घडवण्यावर काम करणारी, तिची ती प्रसिद्ध चौकट उघडा, रिसर्चर डेव्हलपमेंट फ्रेमवर्क, २०१० ची. चांगल्या रिसर्चरमध्ये काय काय असावं त्याची ६३ वर्णनं. त्रेसष्ट!! एवढं सगळं ज्याच्यात आहे त्याला पीएचडी कशाला हवी, देऊळ बांधा त्याचं.

तिसरी_घंटा
@फुलस्टॉप हसले. पण ती चौकट स्वतःकडे बघायला आहे, सगळे ६३ रकाने भरायला नाही.

@गाईड_पण_माणूस सर, "वेळ गेला की काम बुडतं" हा मुद्दा तपासून झालाय हो. अमेरिकेत एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय रिसर्चला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ पासून 'बेस्ट' नावाचा कार्यक्रम चालवला, १७ संस्थांना पाच पाच वर्षं पैसे दिले, हेतू हाच की पीएचडी आणि पोस्टडॉकवाल्यांना (पीएचडीनंतर तात्पुरत्या काँट्रॅक्टवर रिसर्च करणाऱ्यांना) वेगवेगळ्या करिअरची ओळख व्हावी. पुढे २०२१ मध्ये प्लॉस बायॉलॉजी या जर्नलमध्ये १० संस्थांच्या डेटावर पेपर आला. अशा उपक्रमांत भाग घेणाऱ्यांना डिग्रीला जास्त वेळ लागला का, पेपर कमी झाले का, हे बघितलं. तसं काही दिसलं नाही.

लॅबकोट
तो पेपर मीपण वाचलाय आणि चांगला आहे, पण ताई तुम्ही त्यातून जे काढताय ते निघत नाही. त्यात मुलं आपणहून गेली होती ना? म्हणजे जी आधीच नियोजनात हुशार, ज्यांचं काम रुळावर आहे, तीच गेली असणार. आपणहून जाणाऱ्यांचं काम बुडलं नाही यावरून ढकलून पाठवलेल्यांचंही बुडणार नाही असं कसं म्हणता येईल. उलट तुमचाच डेटा ऐच्छिकच्या बाजूने वाचता येतो.

तिसरी_घंटा
येतो वाचता, मान्य. पण मग नुकसान होतं म्हणणाऱ्यांनीही काहीतरी दाखवावं की. एका बाजूला अर्धा पुरावा आणि दुसऱ्या बाजूला "माझ्या लॅबचा अनुभव", आणि जिंकतो अनुभव, कारण सही गाईडची लागते.

आकडेमोड
सर्वांना एकच आकडा देऊन जातो. रॉयल सोसायटीच्या २०१० च्या अहवालात ब्रिटनमधल्या सायन्स पीएचडींचं पुढे काय होतं त्याचं चित्र होतं. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, पीएचडीनंतर लगेच विज्ञानाबाहेरच्या करिअरमध्ये. कायमस्वरूपी रिसर्चची जागा मिळणारे ३.५ टक्के. प्रोफेसर होणारे ०.४५ टक्के. आता गाईडसाहेबांनी सांगावं, बाकीच्यांची तयारी कोणी करायची.

तळटीप
आकडेमोड, तो आकडा दर वेळी कोणीतरी आणतोच. तो ब्रिटनचा आहे, फक्त सायन्सचा आहे आणि आता बराच जुना आहे, तो जगभरच्या सगळ्या विषयांना लावू नका. दिशा बरोबर आहे एवढंच म्हणा.

पण माझा आक्षेप वेगळाय. या सगळ्या वर्कशॉपच्या गडबडीत एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला पडते की जागाच कमी आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? युनिव्हर्सिट्यांना स्वस्तात काम करणारे हात हवेत म्हणून त्या पीएचडीच्या जागा भरत राहतात, आणि नंतर त्याच विद्यार्थ्याला सांगतात की बाळ तुझं नेटवर्किंग कमी पडलं, तुझं लिंक्डइन नीट नाही. म्हणजे दोष व्यवस्थेचा आणि कोर्स विद्यार्थ्याला! करिअर सेल जितका चकचकीत तितकं "आम्ही आमचं काम केलं" म्हणायला संस्था मोकळी. मी सक्तीच्याही विरोधात आणि ऐच्छिकच्याही, आधी भरती कमी करा.

पोस्टडॉक_कायमचा
@तळटीप भरती कमी व्हायची तेव्हा होईल, मी आत्ता काय करू? तत्त्वाचं बोलणं सोपं असतं, काँट्रॅक्ट संपत आलेल्या माणसाला मॉक इंटरव्ह्यू पण चालतो हो. चकचकीत असला तरी चालतो.

मानव्यवाली
तुम्ही सगळे लॅब, पेशी, ग्रँट यातच फिरताय. आम्ही इतिहास-भाषा-समाजशास्त्रवाले पण पीएचडी करतो, नमस्कार.

आमच्याकडे गाईड अडवत नाही कारण गाईड सहा सहा महिने दिसतच नाही. प्रश्न परवानगीचा नाहीच, प्रश्न असा की आजूबाजूला कोणीच नाही. आणि जी साधनं आहेत ती बरीचशी सायन्सवाल्यांसाठी. सायन्स करिअर्स या वेबसाइटचं मायआयडीपी हे ऑनलाइन साधन २०१२ मध्ये आलं, आपली कौशल्यं, आवडी आणि मूल्यं भरायची मग ते २० करिअरशी जुळवून दाखवतं, आणि ती वीसही विज्ञानाशी निगडित. आमच्यासाठी तसलं काही, इमॅजिनपीएचडी, यायला २०१७ उजाडलं. ते वापरून बघितलं तर बरं आहे, फुकट आहे, निदान हे तरी कळतं की अर्काइव्हमध्ये वर्षानुवर्षं कागद चाळायच्या सवयीला विद्यापीठाबाहेर पण कोणीतरी विचारतं.

तिसरी_घंटा, तुमचा "डिग्रीच्या वेळात धरा" हा मुद्दा मला पटतो पण एका अटीवर. आमच्यातल्या खूप जणांना स्टायपेंडच नाही, किंवा होता तो संपलाय आणि थिसिस चालू आहे. त्यांच्यावर इंटर्नशिप सक्तीची केली आणि ती बिनपगारी निघाली तर? परदेशात शिकणाऱ्यांना तर व्हिसामुळे कॅम्पसबाहेर काम करायचीच पंचाईत. सक्ती करणाऱ्याने आधी पैसे आणि परवानगी, दोन्हीची सोय करावी.

बाहेर_पडलेला
पीएचडी करून कंपनीत गेलो, आता मीच माणसं घेतो, तर टेबलाच्या पलीकडून सांगतो.

अर्ज येतात दहा दहा पानांचे. सगळ्या कॉन्फरन्स, सगळी पोस्टर, तिसऱ्या लेखकाचे पेपर. मला बघायचं असतं की या माणसाने कोणता प्रश्न हातात घेतला, कोणाबरोबर काम केलं, अडकल्यावर काय केलं. ते थिसिसमध्ये असतंच, गाईडसाहेब त्या बाबतीत बरोबर आहेत, फक्त ते दोन पानांत आणि बिगर-तज्ज्ञाला कळेल असं मांडायला कोणी शिकवलेलं नसतं. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये थ्री मिनिट थिसिस सुरू केलं ना, एक स्लाइड, तीन मिनिटं, समोर दुसऱ्या विषयाचे लोक, ते मला पन्नास लेक्चर्सपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

पण सक्ती नको. मला विचाराल तर सक्ती विद्यार्थ्यावर नाही, डिपार्टमेंटवर करा. तुमच्याकडून पीएचडी घेऊन गेलेले लोक पाच वर्षांनी कुठे आहेत हे छापा, नावं नकोत, नुसतं काम काय करतात ते. प्रवेश घेताना मुलाला ते दिसू दे. आणि त्यातल्या जे तयार असतील त्यांचे संपर्क चालू विद्यार्थ्यांना द्या. जुन्या विद्यार्थ्याशी अर्धा तास फोनवर बोलून जे कळतं, की दिवस कसा जातो, पगार कसा ठरतो, आत शिरताना काय नडलं, ते ब्रोशरमध्ये नसतं. नोकरी मागायला फोन करायचा नाही, माहिती विचारायला करायचा, लोक आनंदाने बोलतात.

लॅबकोट
+१. छापायला कोणी तयार होणार नाही ती गोष्ट वेगळी.

तळटीप
@बाहेर_पडलेला हे मात्र मला चालेल. कारण ते आकडे छापले की भरतीचा प्रश्न आपोआप उघडा पडतो.

गाईड_पण_माणूस
आकडे छापायला माझी काहीच हरकत नाही.

सक्तीबद्दल अजून एक, कारण ती कागदावर कशी उतरते ते आम्ही बघतो. एनआयएचने २०१४ पासून प्रोग्रेस रिपोर्टमध्ये विचारायला सुरुवात केली की विद्यार्थ्यांचे वैयक्तिक विकास आराखडे, ते आयडीपी, तुम्ही वापरता का, कसे वापरता. आराखडा पाठवायचा नाही, नुसतं सांगायचं. अमेरिकेतल्याच एनएसएफने, म्हणजे विज्ञानाच्या रिसर्चला पैसा देणाऱ्या दुसऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ च्या नियमात पुढचं पाऊल टाकलं, त्यांच्या ग्रँटवर ठरावीक काळापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या प्रत्येक ग्रॅड स्टुडंटचा आयडीपी हवाच आणि तो दर वर्षी अद्ययावत करायचा, गाईडने रिपोर्टमध्ये तसं प्रमाणित करायचं. आता सांगा, ज्या गाईडला मुलाशी बोलायचंच नाही तो काय करेल? "भर आणि दे, टिक करतो." झालं प्रमाणित. जो बोलणारा आहे तो फॉर्मशिवाय बोलतच होता.

तिसरी_घंटा
सर तुम्ही दोन टोकांचे गाईड सांगितलेत. मधले? वाईट नाहीत पण विषय काढायचं सुचत नाही, संकोच वाटतो, किंवा विद्यापीठाबाहेरचं त्यांना स्वतःलाच माहीत नाही. माझ्या मते बहुतेक तेच आहेत. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा फॉर्म समोर आला की निदान तेवढा अर्धा तास "पुढे काय करायचंय" हा प्रश्न विद्यार्थ्याने न विचारता निघतो. सुरुवात कोणी करायची ही जी भीती आहे ना, ती फॉर्मने जाते. मला सक्ती एवढ्यासाठीच हवीय.

गाईड_पण_माणूस
या अर्ध्या तासाला मी हो म्हणतो. तीन महिन्यांना नाही. द्यायचेच असतील तर ते महिने माझ्या ग्रँटमधून जायला नकोत, पैसे देणाऱ्याने वेगळे द्यावेत आणि मुदत तेवढी वाढवून द्यावी.

तिसरी_घंटा
चालेल की. एनएसएफने मध्यंतरी तशी सोय काढली होती, 'इंटर्न' नावाची, चालू ग्रँटवर जादा पैसे, विद्यार्थ्याला सहा महिन्यांपर्यंत विद्यापीठाबाहेर काम करता यावं म्हणून.

गाईड_पण_माणूस
आणि त्याचा अर्ज कोण करतो?

तिसरी_घंटा
गाईड 😄

फुलस्टॉप
म्हणजे फिरून सही त्याचीच. चालू द्या, मी त्या ६३ मधलं पहिलं वर्णन वाचायला घेतो.