उन्हाळी विज्ञान शिबिरातले टीए 'फुकटचे हमाल' आहेत का?

पळसपान (घाटंजी)

काल इथे एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, की गावाकडच्या उन्हाळी विज्ञान-अभियांत्रिकी शिबिरांत विद्यापीठातले टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवायला मदत करणारे विद्यार्थी) ठेवणं बंद करा. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देते: "बावीस वर्षांची पोरं प्रमाणपत्रासाठी येतात, हजेरी घेतात, पाण्याचे जार उचलतात आणि त्याला शिकवणं म्हणतात. फुकटचे हमाल." ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तीन उन्हाळे टीए होते. तालुक्याच्या कॉलेजात एकवीस दिवसांचं निवासी शिबीर. नववी ते अकरावीची मुलं, बहुतेक जिल्हा परिषदेच्या नाहीतर आश्रमशाळेतली. सकाळी सात ते साडेदहा प्राध्यापकांचे तास, मग ऊन म्हणून सगळं बंद, आणि संध्याकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत आम्ही. वेळापत्रकात नुसतं 'सराव' लिहिलेलं असायचं. खरं शिबीर तेव्हा व्हायचं.

दुसऱ्या वर्षी सरांनी सकाळी कूलर शिकवला. बाष्पीभवन, सुप्त उष्णता, एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेतं, फळ्यावर गणित, तास संपला. रात्री नववीतली एक मुलगी वही मिटून बसलेली. म्हणाली, "ताई, कूलरमधलं पाणी थंड असते म्हणून हवा थंड येते. बाकीचं मले पटत नाही." बारावीपर्यंत मलाही तसंच वाटायचं, आणि भीतीपोटी मी ते कोणाला बोलले नव्हते. म्हणून तिची गाठ नेमकी कुठे आहे ते मला लगेच कळलं. स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणलं, फडकं बुडवून थर्मामीटरच्या टोकाला गुंडाळलं आणि पंख्यासमोर धरलं. पारा आधी चढला. "पाहा!" ती म्हणाली. मग तो उतरू लागला, खोलीच्या तापमानाखाली गेला, तरी उतरतच राहिला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सावलीत ४३ अंश होते आणि ओल्या फडक्यातला पारा २५ च्या आसपास थांबला. मग तिनेच विचारलं, "मंग जुलैत कूलर काहून चालत नाही?" हवेतल्या दमटपणाचा धडा तिने स्वतःच उघडला, मी नुसती शेजारी बसले होते.

प्राध्यापक त्या प्रश्नापासून तीस वर्षं पुढे गेलेले असतात. मी पाचच वर्षं पुढे होते. टीएचा उपयोग एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

जार उचलले, हो. मे महिन्यात साठ मुलांना पाणी लागतं. पण 'फुकटचे' हा शब्द खरा आहे आणि तो आमचा दोष नाही. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला आलेल्या मुलाला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्याबदल्यात तो आठवड्याला ८-१० तास विभागाचं काम करतो. शिबिरात आम्ही दिवसाला पाच तास बसलो आणि हाती जेवण व कागद आला. राग करायचा तर त्याचा करा, सर.

निवृत्त मास्तर (दर्यापूर)

ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. का ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझी नात अशाच शिबिराला गेली. परत आल्यावर सांगू लागली, उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो म्हणून ऊन वाढतं, टीए दादांनी सांगितलं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला. मी गोळा आणि दिवा घेऊन समजावलं, कललेला अक्ष दाखवला. ती हो म्हणाली आणि पुढची दोन वर्षं परीक्षेत दादांचंच उत्तर लिहीत राहिली! बावीस वर्षांच्या दादावर मुलांचा जीव जडतो. चुकीचं शिकवलं की तेही जिवाला चिकटून बसतं. त्याची जबाबदारी कोण घेणार?

दुसरं. ८० च्या दशकात मी मध्य प्रदेशात होशंगाबादला जाऊन आलो. तिथला विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला. त्यांनी उन्हाळ्यात शिबिरं भरवली ती पोरांची नव्हे, मास्तरांची. तीन-तीन आठवडे गावातल्या मास्तरांनी स्वतः प्रयोग केले, चुकले, भांडले. मग तेच मास्तर वर्षभर वर्गात उभे राहिले. तुमचे टीए एकविसाव्या दिवशी बस धरतात. बाविसाव्या दिवशी त्या मुलीच्या प्रश्नाला कोण आहे?

आणि एक राहिलं. 'मंग काहून', 'करून रायलो' या वऱ्हाडी बोलीत विज्ञान शिकवणं मला मान्य नाही. मुलांचं नुकसान आहे.

तासिकावाला (अकोला)

टीएंच्या मानधनावर रडताय, आमच्याकडे बघा. प्राध्यापकीची नेट परीक्षा पास आहे, पीएचडी आहे, कॉलेजात अकरावं वर्ष तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे. सुट्टीचा पगार नाही, म्हणजे मे-जूनमध्ये घरात शून्य. मागच्या उन्हाळ्यात अशाच शिबिरासाठी अर्ज केला तर उत्तर आलं, "तुमच्याऐवजी विद्यार्थी टीए घेतले, त्यांना मानधन द्यावं लागत नाही." ताई, तुम्ही प्रेमाने फुकट बसलात, त्यात माझी दोन महिन्यांची भाकर गेली. पदभरती होत नाही, होते तेव्हा कोर्टात अडकते, आणि मधल्या काळात जो फुकट काम करायला तयार तो आमचा भाव पाडतो. कूलरची गोष्ट चांगली आहे. मीही ती शिकवू शकलो असतो.

वखर (आर्णी)

मास्तर, भाषेवर बोलले म्हणून लिहून रायलो, नाहीतर चुपचाप वाचत होतो.

मी दहावीत दोनदा नापास. बलाचे घटक म्हणजे का ते मले शाळेत कधीच समजलं नाही. 'बलाचे विघटन' असं फळ्यावर लिहिलं की माह्यासाठी पुस्तक बंद. शिबिरात एक दादा आला, आमच्याच भागातला. त्यानं इचारलं, तुह्या घरी वखरावर दगड काहून ठेवतेत? म्या म्हटलं, नाई ठेवला तं वखर वर उचलते, माती धरत नाई. तो म्हणे, काहून उचलते? बैलाची ओढ तिरपी असते न भाऊ. थोडी पुढं, थोडी वर. वरची जी ओढ आहे ते मारायले दगड. मंग त्यानं बाण काढले. त्या दिवशी मले घटक समजले, आज मी डिप्लोमा झालो, पंपाचं वर्कशॉप आहे माह्यं.

मराठी भाषा विद्यापीठ कुठं झालं? रिद्धपूरले, तुमच्याच अमरावती जिल्ह्यात. काहून? मराठीतलं जुनं गद्य तिथं लिहिलं गेलं म्हणून. आन् त्याच मातीतल्या पोट्ट्यानं तोंड उघडलं की त्याचं नुकसान होते म्हणता? तुमच्यासारख्या मास्तरांच्या भीतीनं मी दहा वर्षं वर्गात एक प्रश्न इचारला नाई.

निवृत्त मास्तर (दर्यापूर)

माझ्या वर्गात तू नव्हतास, त्यामुळे तुझ्या भीतीचा आरोप माझ्यावर टाकू नकोस.

माझे वडील सालदार होते. पुण्याला १९७९ साली मुलाखतीला गेलो आणि 'मी म्हणून रायलो' असं तोंडून निघालं. समोरचे चार लोक एकमेकांकडे बघून हसले. नोकरी गेली. त्या दिवशी ठरवलं, की माझ्या हाताखालून गेलेल्या पोरावर कोणी हसता कामा नये. वऱ्हाडीचा मला तिरस्कार आहे असं समजू नका, घरी आम्ही तेच बोलतो. पण बोर्डाचा पेपर 'त्वरण' म्हणतो, पुढे इंजिनिअरिंगला सगळं इंग्रजीत. मधला पूल कोण बांधणार?

वखर (आर्णी)

हसणारे चुकले का तुमी चुकले? पंचेचाळीस वर्षं झाली, तुमी अजून त्या चौघाईचीच बाजू घेऊन रायले.

पळसपान (घाटंजी)

वखरभाऊ, हे जरा जास्त झालं. सरांना जे लागलं ते खरं आहे. पण सर, पूल आम्हीच बांधतो. आधी 'ओढ', मग 'बल', मग 'फोर्स', त्याच वहीत, एकाखाली एक. आधीचा शब्द खोडायचा नाही, एवढा नियम मी पाळला.

इंद्रावती (एटापल्ली)

तुम्ही सगळे वऱ्हाडी की पुणेरी यावर भांडताय. माझी घरची भाषा माडिया, गडचिरोलीतल्या आदिवासींची. मला दोन्ही सारख्याच परक्या होत्या. शिबिरात सहा टीए होते, एकालाही माडियाचा एक शब्द येत नव्हता. मी एकवीस दिवसांत किती प्रश्न विचारले? दोन. दोन्ही जेवणाबद्दल.

आणि मे महिनाच का? आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपत्ता, बिडीची पानं. पहाटे चारला जंगलात, दुपारी घरी बसून पानं जुळवायची, ७० पानांचा एक पुडा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचा. वर्षातली रोख रक्कम त्या दोन आठवड्यांत येते. मी शिबिराला गेलो, त्या वर्षी घरचे दोन हात कमी झाले. माझ्या वर्गातली माझ्यापेक्षा हुशार मुलगी आलीच नाही, कारण तिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. शिबिरवाल्यांच्या कागदावर तिची नोंद 'अनुपस्थित' अशी आहे.

गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. तिथे आमच्याकडची मुलं एमएस्सी करतात. टीए नकोत असं मी म्हणणार नाही. ते तिथून घ्या, आणि तेंदू उरकल्यावर शिबीर घ्या.

दोन पोरांचा बाप (नागपूर)

या सगळ्यात जेईईचा उपयोग किती, हे कोणी सांगेल का? एकवीस दिवस म्हणजे दोन धडे मागे.

पळसपान (घाटंजी)

दादा, उपयोग नाही, पाठवू नका. ती जागा ज्याला हवी त्याला मिळू दे.

इंद्रावती, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आम्ही मे धरायचो त्याला कारण होतं: कॉलेजची वसतिगृहं रिकामी असतात, आणि शून्य सावली दिवस आपल्याकडे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. जुलैत तो पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं. अंगणात रोवलेल्या काठीची सावली मुलांसमोर नाहीशी होते, हे सोडवेना. पण तुमच्या मैत्रिणीपुढे हे कारण तोकडं आहे.

तासिकावाले सर, तुमच्या भाकरीचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आता वाटतं, बिनपैशाच्या टीएपदाला मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या हो म्हणण्याने तुमचंही आणि माझ्यामागून आलेल्यांचंही नुकसान झालं.

आणि मास्तर, सूर्याची चूक. ती माझ्या शिबिरातल्या टीएनेही केली असती. आम्हाला शिबिराआधी काय प्रशिक्षण मिळालं? एक तास, त्यातला अर्धा वसतिगृहाच्या नियमांचा. पण चूक सापडली तर माणूस काढायचा की तयारी करून घ्यायची? होशंगाबादलाही दिल्ली विद्यापीठातून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून लोक येतच होते. ते वर्षभर गावात राहत नव्हते. फरक एवढाच की ते महिन्या-महिन्याला परत येत आणि मास्तरांसोबत बसत. तसं आम्हाला कोणी येऊ दिलं? माझ्या त्या मुलीची शाळा माझ्या गावापासून बारा किलोमीटरवर आहे. शिबीर संपल्यावर मी स्वतःहून गेले, तर मुख्याध्यापकांनी पत्र मागितलं.

निवृत्त मास्तर (दर्यापूर)

पत्र मागितलं हे चूक. माझ्या शाळेत मी मागितलं नसतं.

'फुकटचे हमाल' मधला 'हमाल' मागे घेतो. माझ्या वडिलांनीही पाठीवर पोती वाहिली, तो शब्द मी शिवी म्हणून वापरायला नको होता. बाकीचं मत तसंच आहे: पैसा आधी शाळेच्या शिक्षकावर खर्च करा. पण टीए येणारच असतील तर त्यांना आठ दिवस आधी बोलवा आणि एकेका प्रयोगाचा प्रश्न त्यांना विचारा, जसा पोरं विचारतात तसा. असं कोणी दर्यापूरच्या आसपास करणार असेल तर मी येईन. गोळा आणि दिवा माझ्याकडे आहे. भाषेवर मला अजून बोलायचं आहे, पण ते वेगळ्या धाग्यावर.

तासिकावाला (अकोला)

आठ दिवसांचे पैसे कोण देणार, हेही त्याच धाग्यावर लिहा.

पळसपान (घाटंजी)

तारखेचं मात्र इथेच ठरवू. मे नको, तर दिवाळीच्या सुट्टीत चालेल? ऊन नाही, वसतिगृहं रिकामी.

वखर (आर्णी)

ताई, तुमी घाटंजीच्या न? दिवाळीत आपल्याकडं कापूस निघते. येचाले कोण जाते, आठवा.

पळसपान (घाटंजी)

मीच जायचे. नववीपर्यंत.