पोहण्याच्या पाण्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी हातात येऊन उपयोग काय?

जलरंग
नदी असो, तलाव असो की समुद्रकिनारा, फलकावर ई. कोलायचा (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेल्या आतड्यातल्या जिवाणूचा) जो आकडा लागतो तो कालच्या पाण्याचा. जिवाणू वाढवून मोजायचे म्हणजे १८ ते २४ तास जातातच. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पावसानंतर सीन नदी बिघडली आणि पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैऐवजी ३१ला झाली. तिथे सगळ्या जगाचं लक्ष होतं. रोजच्या पोहणाऱ्यांचं काय? क्यूपीसीआरने, म्हणजे जिवाणूंचा डीएनए मोजणाऱ्या जलद चाचणीने, तीन-चार तासांत उत्तर मिळतं. गर्दीच्या ठिकाणी ते सक्तीचंच करा.

नमुना_बाटली
सक्तीला माझा विरोध. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याचं पाणी छोट्या खळग्यांत भरून रात्रभर इनक्युबेटरमध्ये (उबेच्या पेटीत) ठेवलेला ट्रे सकाळी बाहेर काढायचा. पिवळे झालेले खळगे कोलिफॉर्मचे, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो त्या जिवाणूगटाचे. मग अंधारात अतिनील दिवा धरला की त्यातले काही निळे चमकतात, ते ई. कोलायचे. म्हणजे तिथे जिवंत जिवाणू होता, वाढला. क्यूपीसीआर डीएनए मोजतं, मेलेल्यांचाही. क्लोरिन दिलेलं सांडपाणी जिथे येऊन मिळतं तिथे हा आकडा उगाच फुगतो. उलट गढूळ पाण्यातले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले) क्यूपीसीआरची अभिक्रियाच दाबतात आणि आकडा कमी दिसतो. गढूळ पाणी कधी असतं? पावसानंतर. नेमकं तेव्हाच फसायचं?

काठावरची
ताई, तुमचं शास्त्र पटतं. पण आम्ही शनिवारी पोहलो, रविवारी रात्री मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि 'पाण्यात उतरू नये' हा फलक लागला सोमवारी. पाण्यामुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. तरी शनिवारी तो फलक असता तर मी तिला पाण्यात सोडलंच नसतं.

नमुना_बाटली
वाईट वाटलं वाचून. म्हणूनच म्हणते, चाचणीची वाट बघूच नका. जोराचा पाऊस झाला की पुढचे एक-दोन दिवस पाणी बंद, नमुना घ्यायच्या आधीच. युरोपच्या २००६च्या निर्देशात पाण्याची प्रत चार हंगामांच्या नोंदींवरून ठरते. गोड्या पाण्याला 'उत्कृष्ट' म्हणायचं तर १०० मिलीत ५०० ई. कोलाय आणि २०० एंटरोकोकाय (आतड्यातलेच दुसरे जिवाणू) ही मर्यादा. एका बाटलीवर भरवसा ठेवूच नये. ऊन जिवाणू मारतं, त्यामुळे त्याच जागी सकाळचा आणि दुपारचा नमुना वेगळा येतो.

जलरंग
ह्युमिकचा मुद्दा मान्य. प्रत्येक नमुन्यासोबत नियंत्रण नमुना (ज्यातला डीएनए आधीच माहीत आहे असा) चालवला तर अभिक्रिया दबली का ते पकडता येतं, पण खर्च आणि हात दोन्ही वाढतात हे खरं. 'सक्तीचंच' हा शब्द मागे घेतो. पावसाचा नियमही हवाच. पण कोरड्या दिवशी मैलावाहिनी फुटली तर? आकाश निरभ्र, पाणी दिसायला स्वच्छ, मुलं पाण्यात. तुमचा ट्रे हे दुसऱ्या सकाळी सांगेल. तेवढ्यासाठी तरी जलद चाचणी जोडीला ठेवा, एवढं मागतोय.

नमुना_बाटली
जोडीला म्हणत असाल तर माझी हरकत नाही. पाणी पुन्हा खुलं करताना मात्र ट्रेचाच आकडा धरायचा.