परिषदेला गेलात आणि एक दिवस मोकळा मिळाला: सांगा ना त्या दिवसाचं

पाणचक्कीजवळचा
रविवारी भाचीला खुलताबादला नेलं होतं. मलिक अंबरच्या कबरीपाशी तिनं विचारलं, "मामा, हे कुठले?" म्हटलं, इथिओपियाचे. आणि सात-आठ वर्षांपूर्वी पाहिलेली तिथली राजधानी, अदिस अबाबा, डोळ्यांपुढं आली.

ज्वारीवरची परिषद होती. शेवटचा दिवस मोकळा. सकाळी संग्रहालयात ल्यूसी पाहिली, माणसाच्या पूर्वजाचा सांगाडा, 32 लाख वर्षांपूर्वीची, उंची पहिलीतल्या पोरीएवढी. दुपारी जेवायची धास्ती, मी शाकाहारी. पण वार शुक्रवार, तिथल्या ख्रिस्ती लोकांचा उपास! मांस, दूध, अंडं काहीच नाही. परातभर इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, जाळीदार, आंबूस, आपल्या आंबोळीसारखी. वर डाळी, कोबी, बीट, मधोमध शिरो. पहिला घास घेतला अन् हात थांबला. पिठलं! शेजारच्या ताईंनी घास गुंडाळून सरळ माझ्या तोंडात घातला. गुर्शा म्हणतात त्याला. घरापासून इतक्या लांब कुणी भरवलं, डोळे भरून आले.

परभणीचा शेतकरी
ज्वारीबी मूळची तिकडचीच की भाऊ, ईशान्य आफ्रिकेतली. आमच्याकडं यंदा हुरडा झकास आलाय, या.

लातूरची लेक
माझं इस्तंबूल. जमिनीखालचं पाण्याचं टाकं, 336 खांब, वर सगळं शहर अन् खाली थेंब टपटप. मला तर मलिक अंबरनं जमिनीखालून आणलेली पाण्याची नहर-ए-अंबरीच आठवली. मग तीळ लावलेलं सिमित खात बोटीतून युरोपातून आशियात. कुकरची शिट्टी झाली, उरलेलं रात्री.

जालनेकर
अदिसला मी टॅक्सीवाल्याला 2 वाजता ये म्हटलं, तो सकाळी 8 ला दारात! त्यांचं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. बिचारा थांबला माझ्यासाठी. कॉफी घेतली का तुम्ही?

पाणचक्कीजवळचा
घेतली तर! खाली हिरवं गवत पसरलेलं, बिया समोरच भाजल्या, धूर नाकाशी आणून दिला. मातीच्या जेबेनातून तीन फेऱ्या. तिसरी सोडून उठायचं नसतं.

नांदेडची ताई
मला कुठला मोकळा दिवस! हॉल ते विमानतळ. बँकॉकचं वाट अरुण मंदिर नदीपलीकडून पाहिलं तेवढंच. अजून रुखरुख आहे.

लातूरची लेक
ताई, पुढच्या वेळी तिकीट एक दिवस पुढचं काढा बरं. धपाटे मी देते बांधून, चार दिवस टिकतात.

परभणीचा शेतकरी
धपाट्याला ज्वारीचं पीठ आमच्याकडून न्या. हुरड्याला कोण कोण येतंय?