सासवड ते मार्केट यार्ड: भरल्या पिकअपला दिवे घाट की बोपदेव?

अंजीरवाला: पहाटे सासवडहून गुलटेकडीला अंजीर पाठवायचेत. टनभर माल, ड्रायव्हर घाटाला नवा. बोपदेवने अंतर वाचतं. चालेल का? आणि उतरल्यावर चाकांना जळका वास येतो, तो नेहमीचाच का?

घाटकरी: भरली गाडी आणि नवा माणूस, मग दिवे घाटच. बोपदेव थेट येवलेवाडी-कोंढव्यात उतरतो हे खरं, पण उतार खडा आणि वळणं आखूड. रिकामी गाडी परत जाताना खुशाल तिकडून न्या. दिवे घाट उतरलात की वडकी, उरुळी देवाची. मंतरवाडी फाट्यावर हडपसरकडे जाऊ नका, डावीकडे घ्या: हांडेवाडी, उंड्री, खडी मशीन चौक, कोंढवा, गंगाधाम, यार्ड. पहाटे पाचनंतर निघालात तर कोंढव्यात अडकणारच.

वास नेहमीचा नाही, ब्रेकचे लायनर भाजतायत. चढताना गाडी ज्या गियरला ओढते त्याच गियरला उतरवायची, बहुधा दुसरा. गियर घाटमाथ्यावरच टाका, उतारात बदलायला गेलं आणि पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. दाबा, वेग पाडा, सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

अंजीरवाला: आमचं उलट आहे. खाली येईपर्यंत पेडल मऊ पडतं, दोनदा मारावं लागतं.

घाटकरी: मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं, तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि दाब वाफेतच जिरतो. सगळं काढून नवं भरा, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. नुसतं वरून टॉपअप करून उपयोग नाही. तोवर माल भरून घाटात उतरवू नका.

वडकीकर: दिवे घाटात रुंदीकरणासाठी सुरुंग लावतात तेव्हा दोन्हीकडून वाहतूक थांबवतात, आदल्या दिवशी चौकशी करा. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला येते त्या दिवशी घाट बंदच धरा. पावसाळ्यात उजाडल्यावर मस्तानी तलाव बघायला लोक वळणावरच गाड्या लावतात, तिथे हॉर्न देऊनच वळा. आणि पाट्यांना दोर फार आवळू नका, खालच्या थरातलं अंजीर फुटतं.